लहरींचा सातबारा

24 नोव्हेंबर 1993. ईडन गार्डन्सवर हीरो कपचा उपांत्य सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्यात आणि चेंडू सचिनच्या हातात. त्याने तीनच दिल्या. ते षटक आजही सांगितलं जातं. पण त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून कोर्टात जुंपली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. माझ्या लेखी त्या स्पर्धेची सर्वांत मोठी कमाई तीच.

बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनने 1885 च्या तार कायद्यावर बोट ठेवलं: हा अधिकार सरकारचाच. कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्समध्ये अडकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्या. पी. बी. सावंतांचं. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर नियंत्रण हवं ते सार्वजनिक यंत्रणेचं आणि जनतेच्या हितासाठी, असं त्यांनी लिहून ठेवलं. न दिसणाऱ्या लहरींच्या सातबाऱ्यावर लोकांचं नाव लागलं.

ही मालमत्ता आहे तरी कशी? मोबाइलसाठी वापरली जाणारी 1800 मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला 180 कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी वीतभरही नसते. 900 मेगाहर्ट्झची साधारण फूटभर. ती जास्त लांब जाते, भिंतींतूनही बरी शिरते, म्हणून कमी टॉवरमध्ये भागतं आणि तिला भाव येतो. वापरून यातलं काहीच झिजत नाही. प्रक्षेपक बंद केला की पट्टा पुन्हा कोरा. मात्र एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर दोघे बोलू लागले तर दोघांचंही ऐकू येत नाही. कोट्यवधी मोजून कंपनीला मिळतं काय, तर इथे दुसरं कुणी बोलणार नाही ही सरकारची हमी. देशातले काही मोठे खटले या हमीवरून लढले गेले, याचं मला अजून नवल वाटतं.

10 जानेवारी 2008 च्या दुपारी दिल्लीच्या संचार भवनात जे घडलं ते तर अजबच. मोबाइल सेवेच्या परवान्यांसाठी 1 ऑक्टोबर 2007 पर्यंत 575 अर्ज आले होते. आता अचानक जाहीर झालं की 25 सप्टेंबरपर्यंतचेच विचारात घेऊ. इरादापत्रं न्यायला साडेतीन ते साडेचार ही वेळ. शिवाय अर्ज आधी कुणी केला याऐवजी पैसे आधी कुणी भरले यावर क्रम लागला. काहींचे डिमांड ड्राफ्ट आधीच तयार होते. देशभराच्या परवान्याचा दर 1,658 कोटी, तोही 2001 चा. दोन वर्षांनी थ्रीजीच्या लिलावात देशभराचा पट्टा 16,750 कोटींवर गेला. कॅगने तोट्याचा कमाल अंदाज 1.76 लाख कोटींचा मांडला.

तोट्याच्या आकड्यावर वाद होऊ शकतो, झालाही. पण रांगेत माणसं उभी असताना रांगेचा नियम बदलणं, हा जनतेच्या मालमत्तेशी केलेला खरा अन्याय. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. मग नोव्हेंबरात लिलाव झाला, आणि मुंबईच्या 1800 मेगाहर्ट्झसाठी एकही बोली आली नाही! दिल्लीसाठीही नाही. आधारभूत किंमतच कंपन्यांना परवडेना. 2017 मध्ये विशेष न्यायालयाने याच परवानावाटपाच्या फौजदारी खटल्यातल्या सर्व आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्यावर सीबीआयने अपील केलं. परवाने मात्र रद्दच राहिले. मनमानी कारभार आणि सिद्ध झालेला गुन्हा यांची फूटपट्टी वेगळी असते.

नैसर्गिक संपत्ती देताना प्रत्येक वेळी लिलावच हवा का? नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2012 मध्येच सांगितलं. 2023 च्या दूरसंचार कायद्याने काही उपग्रह सेवांना लिलावाविना स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे पट्टे, देण्याची सोय केली, आणि भांडण पुन्हा सुरू झालं. जिओला लिलाव हवा होता, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला नको होता. यात भौतिकशास्त्राचंही म्हणणं आहे: जमिनीवरची तबकडी आकाशात नेमक्या दिशेला रोखलेली असते, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह एकच पट्टा वाटून वापरू शकतात.