जपानचा डबा, मालवणचं सोल

जपानमध्ये डब्याला म्हणतात बेंटो. एकाच पेटीत भात, मासा नाहीतर अंडं, दोन-तीन भाज्या, चिमूटभर लोणचं. सगळं इतकं गच्च बसवलेलं, की दप्तर उलटंपालटं झालं तरी आतलं जागचं हलत नाही. दिसतो तर असा सुरेख, की खायचा सोडून बघतच राहावं. पण मला त्याच्या दिसण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. हा डबा सकाळी भरतात, दुपारी गार असाच खातात, आणि तरी तो आंबत नाही! जपानचा उन्हाळाही दमट असतो बरं का, आपल्या मालवण-वेंगुर्ल्यासारखाच घामट.

आधी डबा आंबतो कशामुळे ते बघू. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. ही बीजं एवढी चिवट, की भात शिजला तरी काही जिवंत राहतात. भात कोमट झाला की ती जागी होतात. ऊब, ओल आणि खाऊ, सगळं हाताशी असलं की जंतू साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. आता पाटी घ्या आणि गणित मांडा. सकाळी साडेसातला डब्यात एक जंतू होता. तासाला तीनदा दुप्पट, म्हणजे साडेआठला 8, साडेनऊला 64. साडेबाराच्या सुट्टीपर्यंत किती? 32,768! तेही एकापासून.

याला जपानी घरांत एक जुना तोडगा आहे. पांढऱ्याशुभ्र भाताच्या मधोमध एक लालभडक, आंबट-खारट फळ खोचतात. डबा थेट जपानच्या झेंड्यासारखा दिसतो. म्हणून त्याला झेंड्याचंच नाव, हिनोमारू बेंटो. त्या फळाचं नाव उमेबोशी. उमे हे जर्दाळूच्या जातकुळीतलं फळ. ते पिकायला आलं की भरपूर मिठात मुरवायचं, शिसो नावाच्या जांभळ्या पानांनी रंगवायचं आणि पाऊस ओसरला की कडक उन्हात वाळवायचं.

आंबट, लाल, उन्हात वाळवलेलं... ओळखलंत ना? आपलं सोलच की! मे महिन्यात सिंधुदुर्गात अंगणोअंगणी रातांब्यांची लगबग असते. रातांबे फोडायचे, साली वाळवायच्या, पुन्हा फळाच्याच रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, अशी रसाची पुटं देत देत सोलं तयार होतात. मिठात मुरलेला रस म्हणजे आगळ. उमेबोशीत असतं सिट्रिक आम्ल, जे लिंबातही असतं. सोलात असतं त्याचंच भावंड, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. आंबट जागी बहुतेक जंतूंची वाढ मंदावते. शिवाय मीठ आणि ऊन दोघं मिळून पाणी पळवतात, आणि पाण्याशिवाय जंतूंचं काही चालत नाही. सुक्या बांगड्याचं आणि सुक्या जवळ्याचं गुपितही तेच. समुद्राकाठच्या दोन मुलखांनी, एकमेकांना न विचारता, सारखाच उपाय शोधला. मला तर हे वाचताना दरवेळी आनंद होतो.

पण एक भानगड आहे. उमेबोशीचा आंबटपणा तिला टेकलेल्या भातापुरताच पोचतो. डब्याच्या कोपऱ्यातल्या शितांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून भात नीट राखायचा तर आंबट त्यात सगळीकडे मिसळायला हवं. आपण शिजलेल्या भातात चमचाभर आगळ कालवायचं. रंग गुलाबी, चव झकास.

या आंबटाची ताकद किती? जपानमध्ये पूर्वी साध्या अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यांना झाकणाच्या आतून, उमेबोशी टेकायची तिथेच, भोकं पडायची! पुढे डब्यांवर टणक ऑक्साईडचा थर चढवू लागले. आपल्याकडे कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात सोलकढी ठेवली तर ती कळकते. तेव्हा आजी कल्हईवाल्याची वाट का बघायची, ते आता कळलं असेल.

आता सगळ्यात सोपी, पण सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. गरम भात डब्यात भरून झाकण लावलं, की वाफ झाकणाला जाऊन आपटते, तिचे थेंब होतात आणि टपटप परत भातावर पडतात. ऊब आणि ओल, दोन्ही आयतं! बेंटो करणारे म्हणूनच भात आधी गार करतात, मग झाकण लावतात. जपानच्या अकिता भागात देवदारासारख्या ‘सुगी’ नावाच्या झाडाच्या पातळ फळ्या वाकवून डबे बनवतात. ते लाकूड जादा ओल स्वतः शोषून घेतं. आपल्या घरी गरम भाकरी स्टीलच्या डब्यात न ठेवता कापडावर, टोपलीत ठेवतात, तेही वाफ निघून जावी म्हणूनच.

बेंटोत पाच रंग असावेत, असं जपानी आया म्हणतात: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा आणि काळा. आपल्याकडे काळ्यासाठी शोधाशोध नको, काळे वाटाणे आहेत! सुकी परतलेली उसळ घ्या, रस्सा नको. पिवळ्याला भोपळ्याची नाहीतर बटाट्याची भाजी, हिरव्याला चवळीचा पाला, लालसाठी आगळाचा भात, पांढऱ्याला घावण. मध्ये केळीच्या पानाचे तुकडे लावले की चवी एकमेकींत मिसळत नाहीत. मात्र ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात नको. आपल्या जेवणात खोबरं लाडकं, पण ही चटणीच पहिली आंबते. खोबरं खरपूस भाजून लसणीची सुकी चटणी केली, की ती दुपारपर्यंत खुशाल राहते.

हे आम्ल डोळ्यांनी बघायचंय? दोन सोलं पाण्यात भिजवा. लाल पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग पार बदलेल. मग लिंबू पिळत राहा, लाली परत येईल. तो लाल रंगच आंबटपणा ओळखतो. शिसोच्या जांभळ्या पानांना उमेच्या आंबटाने लाली चढते, तीही याच जातीच्या रंगामुळे. हे पाणी प्यायचं मात्र नाही हं. आणि उद्या सकाळी आईबाबांची घाई असेल, तेव्हा भात ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचं काम तुम्ही मागून घ्या.