बोनॉमची बॅग, नागपूरची मारबत

ऑक्टोबर सरत आला की माँट्रियलच्या पलतीरावरच्या ब्रॉसार्डमध्ये घरांपुढच्या हिरवळीवर प्लास्टिकचे सांगाडे उगवतात. झुडपांवर कृत्रिम कोळिष्टकं चढतात आणि चेटकिणी झालेली पोरं गोळ्या-चॉकलेटं गोळा करत दारोदार फिरतात. भीतीचा सगळा सरंजाम जय्यत असतो, पण या सोंगांना कोणी घाबरत नाही आणि कोणाला ती झोंबतही नाहीत. हॅलोविनचं विद्रूप सुरक्षित आहे, कारण त्यात कोणाचीच खुर्ची हलत नाही. कार्निव्हलमधल्या विद्रूपाकडून मात्र अपेक्षा वेगळी असते. मिखाईल बाख्तीन या रशियन विचारवंताने राब्लेच्या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिला. तो स्टालिनच्या काळात लिहिलेला, पुस्तकरूपाने मात्र 1965 साली बाहेर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सुटलेली पोटं, वासलेली तोंडं आणि आचकट शिव्या यांतून जत्रेतलं हसू जे उंचावर बसलंय ते मातीत आणतं, आणि हसणारा स्वतःलाही त्यातून वगळत नाही. शिमग्याची बोंब ऐकलेल्या आणि तमाशातली मावशी पाहिलेल्या मराठी माणसाला हे पटवायला बाख्तीनची गरज नाही. पण असं हसू कशामुळे टिकतं आणि कशामुळे मरतं, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचं एक उत्तर क्वेबेकमध्येच सापडतं.

क्वेबेक सिटीच्या हिवाळी कार्निव्हलचा राजा म्हणजे बोनॉम. बर्फाचा गुबगुबीत बाहुला, डोक्यावर लाल लोकरी टोपी, कमरेला रंगीबेरंगी पट्टा. 1955पासून तो दर हिवाळ्यात अवतरतो. 2010च्या सप्टेंबरात टोरांटोच्या ‘मॅक्लीन्स’ साप्ताहिकाने क्वेबेकला देशातला सर्वांत भ्रष्ट प्रांत ठरवणारा अंक काढला आणि मुखपृष्ठावर नोटांनी ओसंडणारी बॅग हातात धरलेला बोनॉम छापला. गदारोळ उठला. ओटावाच्या संसदेने एकमताने ठराव करून खेद व्यक्त केला. कार्निव्हलच्या आयोजकांनी, बोनॉम आमच्या मालकीचा आहे, म्हणून न्यायालयाची वाट धरली; पुढे समेट बाहेरच झाला. गंमत अशी की 2011 साली क्वेबेक सरकारलाच बांधकाम-कंत्राटांतल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी शार्बोनो आयोग नेमावा लागला, आणि 2015च्या त्याच्या अहवालाने ही कीड खोलवर आणि दूरवर पसरल्याचं सांगितलं. आता, रागावलेल्या लोकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. इंग्रजी टोरांटोने फ्रेंच क्वेबेकला हसावं, यात हसणारा स्वतः बाहेर उभा राहतो. बाख्तीनच्या कसोटीवर ते हसू उणंच पडतं. तरीही एका कार्निव्हलच्या राजाची अब्रू वकिलांकरवी सांभाळली जावी, हे चित्र मला मुखपृष्ठापेक्षा जास्त विद्रूप वाटतं. ज्या सोंगाला मालक आणि प्रायोजक असतात, ते सोंग कोणाचीही टर उडवायला मोकळं राहत नाही.

याउलट नागपूरकडे पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिथे मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881पासूनची, पिवळी 1885पासूनची. त्यांच्यामागे बडगे असतात, म्हणजे बांबू-कागदाचे ढब्बू पुतळे. कधी महागाईचा, कधी रोगराईचा, कधी एखाद्या भ्रष्ट पुढाऱ्याचा. ‘घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो आणि शेवटी सगळं जाळलं जातं. माझ्या मते मर्म या जाळण्यातच आहे. बडग्याचं आयुष्य एका दिवसाचं. त्याचा ट्रेडमार्क घ्यायला वेळ नाही, तो दुकानात विकायला उरत नाही, आणि पुढच्या वर्षी नवा विषय नव्याने शोधावा लागतो. बोनॉम मात्र सत्तर वर्षं तसाच हसतो आहे.

यावर जुना आक्षेप असा की हे सगळं प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे: वर्षातून एक दिवस लोक ओरडतात, वाफ जाते, दुसऱ्या दिवशी सावकार सावकारच राहतो. आक्षेपात तथ्य आहे. पुतळा जाळल्याने महागाई उतरल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पण विद्रूप नुसती शिट्टीच असेल तर सत्तेने तिचं स्वागत करायला हवं, आणि तसं नेहमी घडत नाही. ब्रॉसार्डहून पूल ओलांडला की लागणाऱ्या माँट्रियलमध्ये 2012 साली शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. रात्री लोक पातेली-कढया बडवत निघायचे. तत्त्वज्ञानाचा एक प्राध्यापक पांडाचा पोशाख चढवून मोर्चात यायचा आणि पोलिसांना मिठी मारायला जायचा. शहराने काय केलं? मोर्चात तोंड झाकण्यावर बंदी आणली. त्याच पांडाने ती न्यायालयात नेली आणि 2016 साली मुखवटाबंदी रद्द ठरली. सत्ता नुसत्या वाफेला घाबरून कायदे करत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेने जाणारं सोंग तिला चालतं. तारीख न विचारता आलेलं चालत नाही. या मोजमापाने मारबतही बरीचशी परवानगीतली आहे, हे कबूल करायला हवं.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. उलथापालथीच्या या खेळात खालचा वर येतो म्हणतात, पण आधीच खाली असलेल्याला आणखी तुडवलंही जातं. तमाशातली मावशी हसवते ती पुरुषाने रंगवलेल्या बाईपणाच्या जिवावर. आणि काळी मारबत कोण? कोणी म्हणतं पूतना, कोणी म्हणतं इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची राणी बाकाबाई. कथा कुठलीही घ्या, गावाची इडापिडा अंगावर घेऊन जळायचं काम बाईच्याच वाट्याला आलं आहे. बडग्यांचे चेहरे दरवर्षी बदलतात, मंत्री येतात आणि जातात; हा एक चेहरा बदलावा असं मात्र अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.