ट्रॅक्टरवर इन्व्हर्टर जोडण्यापूर्वी



पावसाळा तोंडावर आला की आपल्या सांवेर भागात विजेचा लपंडाव सुरू होतो. पूर्वीचे दिवस आठवले तर आज आपण बरेच सुखात आहोत म्हणायचे. २००३ सालच्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी ह्या तीन गोष्टींवरून मध्य प्रदेशातले सरकार बदलले, ते दिवस वडीलधाऱ्यांना आठवत असतील. पुढे गावठाणाची आणि शेतीची लाईन वेगळी करण्यात आली, घराला चोवीस तास आणि शेतीला दहा तास असा हिशेब ठरला. पण वादळात तारेवर झाड पडले किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला, म्हणजे तो हिशेब कागदावरच राहतो आणि रात्र अंधारात काढावी लागते.

अंधार एक वेळ चालतो. पण घरात ऑक्सिजनचे यंत्र लावलेले आजारी माणूस असले तर? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नाव खेड्यापाड्यांतही सर्वांना पाठ झाले. आता ती साथ गेली, तरी दम्याचे आणि फुफ्फुसांच्या जुन्या दुखण्याचे रुग्ण ते यंत्र घरी वापरतात. वीज गेली की यंत्र बंद, आणि घरातल्यांचा जीव टांगणीला. अशा वेळी अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे लक्ष जाणे साहजिक आहे. बॅटरी आहे, इंजिन आहे, टाकीत डिझेल आहे. इंदूरहून दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर आणला आणि जोडला की काम झाले, असे वाटते.

एका घरी मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. इन्व्हर्टर नवा कोरा होता. घरात पडलेली जुन्या पंपाची तार घेऊन तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडला होता. पंखा चालला, दिवा लागला, सगळ्यांना आनंद झाला. मग घरच्या सूनबाईंनी पाण्याची अर्धा हॉर्सपॉवरची मोटर सुरू केली. इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा शिट्टी. दुकानदाराने खराब माल दिला म्हणून त्याला शिव्याशाप देऊन झाले. मी तारेला हात लावला, तर हात भाजला. दुकानदार बिचारा निर्दोष होता!

ह्यातले मर्म आपण शेतकऱ्यांनी पटकन ओळखायला हवे, कारण आपण रोज पाइपातून पाणी नेतो. जोर जास्त असेल तर बारीक पाइपातूनही भरपूर पाणी जाते. टाकी बुटकी असेल तर तेवढेच पाणी न्यायला पाइप जाडजूड लागतो. घरच्या विजेचा जोर २३० व्होल्ट, ट्रॅक्टरच्या बॅटरीचा जेमतेम १२. दोन हजार वॅटचे काम घरच्या लाईनवर सुमारे ९ अँपिअरमध्ये होते. तेच काम बॅटरीकडून करून घ्यायचे, तर इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून, जवळजवळ २०० अँपिअर तारेतून वाहतात. घरातल्या बटणाला पुरणारी तार येथे म्हणजे चार इंची पाइपाच्या जागी पेनाची रिफील होय.

आकडेच पाहा. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन मीटर जायचे आणि दोन मीटर यायचे, म्हणजे चार मीटर तांब्याची तार. ती ६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर २०० अँपिअरला तिच्यातच दोन व्होल्टांहून अधिक मार बसतो. बारातले दोन गेले, उरले दहाच्या आसपास. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टांच्या सुमारास स्वतःहून बंद होतात. शिट्टी वाजत होती ती ह्यामुळे. आणि हरवलेले दोन व्होल्ट कोठे गेले? ते तारेत उष्णता होऊन बसले. साडेचारशे वॅट, म्हणजे हजार वॅटच्या शेगडीची जवळपास निम्मी आच, डिझेलच्या नळीशेजारून जाणाऱ्या तारेत! त्याच अंतराला ५० चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर मार पाव व्होल्टाच्या आसपास राहतो.

अशी जाड केबल म्हणजे वेल्डिंगवाले वापरतात ती. ती लवचीक असते आणि इंदुरात सहज मिळते. मात्र घेताना टोक सोलून पाहावे. स्वस्तात मिळते ती पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त अडथळा करते, त्यामुळे तेवढ्याच कामाला ती तितकीच जाड घ्यावी लागते, आणि तिचे सांधेही लवकर सैल होतात. तांब्याचीच घ्यावी. टोकांना योग्य मापाची थिंबल दाबयंत्राने पक्की दाबून घ्यावी. हातोडीने चेपलेली थिंबल किंवा नुसती पिळून अडकवलेली तार चालत नाही. चिमटे तर मुळीच नकोत. ते बंद पडलेली गाडी मिनिटभर सुरू करून देण्यापुरते असतात, रात्रभर भार वाहण्यासाठी नव्हेत.

परतीची तारसुद्धा तेवढीच जाड हवी. पुष्कळ मेकॅनिक उणे बाजू जवळच्या एखाद्या नटाला टेकवून मोकळे होतात. शेतातल्या ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर माती, ग्रीस आणि गंज ह्यांचा थर असतो. तेथे सांधा तापतो. उणे तार सरळ बॅटरीपर्यंत न्यावी. नव्या जीप-पिकअपमध्ये मात्र बॅटरीच्या उणे टोकावर मोजणीचे छोटे यंत्र बसवलेले असते, तेथे थेट जोडू नये. कंपनीने दिलेली जागा विचारून घ्यावी.

आता फ्यूज. हा विषय निघाला की लोक म्हणतात, इन्व्हर्टरमध्ये फ्यूज असतोच की. असतो. पण तो इन्व्हर्टरला वाचवतो, तारेला नाही. उंदराने केबल कुरतडली किंवा पत्र्याच्या धारेवर घासून ती सोलली गेली, तर बॅटरी त्या जागी हजारांहून अधिक अँपिअर ओतू शकते. क्षणात तार लाल होते, रबर पेटते. हे थांबवणारा फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडचा तुकडा अनाथ असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. दोन हजार वॅटला साधारण २५० अँपिअरचा, आणि हजार वॅटला सव्वाशे ते दीडशेचा. फ्यूज तारेला झेपेल असाच निवडावा. जळाला की खिळा किंवा तांब्याची तार घालून काम चालवायची जी आपली जुनी खोड आहे, ती निदान येथे तरी सोडावी.

जोडणी करताना अधिक तार आधी व उणे शेवटी जोडावी. काढताना उणे आधी. आणि कामाला हात घालण्यापूर्वी बोटातली लग्नाची अंगठी, हातातले कडे आणि गळ्यातली क्रुसाची साखळी काढून खिशात ठेवावी. पान्याचे एक टोक बॅटरीला, दुसरे पत्र्याला, आणि मध्ये अंगठी असे झाले, तर अंगठी निखाऱ्यासारखी तापते आणि बोटातून निघत नाही. देवाचे चिन्ह खिशात ठेवण्यात कसलाही अनादर नाही.

एवढे सगळे नीट केले तरी ट्रॅक्टर दोन हजार वॅट चालवील काय? येथे पुष्कळांची निराशा होते. ट्रॅक्टर चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा, पण त्याचा अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनामोच म्हणतो, तो साधारण ३५ ते ४५ अँपिअरचा असतो. म्हणजे सारा हिशेब पाचशे-सहाशे वॅटचा. नुकसानी वजा जाता हाती चारशेच्या आसपास येतात, आणि तेही इंजिन बऱ्यापैकी फिरत असेल तर. नुसत्या आयडलिंगवर त्याहून बरेच कमी. वरचा सगळा भार बॅटरी स्वतःच्या पोटातून देते. दोन हजार वॅटचा भार ठेवला, तर ट्रॅक्टरची बॅटरी दहा मिनिटेही धड टिकणार नाही. मग यंत्रही बंद आणि ट्रॅक्टरही सुरू होत नाही. ट्रॅक्टरची खरी ताकद पीटीओच्या दांड्यावर असते. कडबा-कुट्टी, पंप, पिठाची गिरणी चालवायची असेल, तर पीटीओवरचा अल्टरनेटर घ्यावा. इन्व्हर्टरच्या मागे लागू नये.

पण आपल्या आजाऱ्याचे काय? त्याच्यासाठी हिशेब बरोबर जमतो. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण तीनशे ते चारशे वॅट घेतो. वाफेऐवजी औषधाचा फवारा देणारे नेब्युलायझर त्याहूनही कमी. म्हणून माझे मत विचाराल, तर ट्रॅक्टरला हजार वॅटचा इन्व्हर्टर पुरे, ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरे. मोठा डबा घेऊन डायनामो मोठा होत नाही. हजाराचा घ्यायचा तो केवळ यंत्राचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो म्हणून. इन्व्हर्टर 'प्युअर साईन वेव्ह' असाच मागून घ्यावा. स्वस्त डब्यातली खडबडीत वीज दिव्याला चालते, कॉम्प्रेसर तिच्यावर गुरगुरतो आणि तापतो. हातातला थ्रॉटल थोडा वाढवून ट्रॅक्टर चालू ठेवावा, आणि त्या वेळी पंखे, फ्रीज, टीव्ही सर्व बंद.

घरी दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीचा नेहमीचा इन्व्हर्टर असेल, आणि बॅटरी चांगली असेल, तर सुरुवातीचे दोन-तीन तास त्याच्यावरच काढावेत. ट्रॅक्टर नंतर. आणि ज्याचा श्वास पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्या उशाशी भरलेला सिलिंडर असलाच पाहिजे, इतर काही असो वा नसो.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत विडी नको, ऊदबत्ती नको. आपल्या घरी वेदीपुढे मेणबत्ती लावायची पद्धत आहे. ती वेदी तेवढ्यापुरती दुसऱ्या खोलीत न्यावी. ऑक्सिजनने भिजलेले पांघरूण एका ठिणगीने भडकते.

इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ ठेवावा, पण तिच्या डोक्यावर नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. लांबचे अंतर २३० व्होल्टच्या तारेने कापावे, ती बारीक असली तरी भागते. ती घरात आणून यंत्र थेट तिलाच लावावे. दोन्हीकडे पिना असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नये. घराची लाईन खांबाला जोडलेली असते. तुमची वीज मागे गेली, तर ट्रान्सफॉर्मर उलटा काम करून तिचे हजारो व्होल्ट करू शकतो, आणि त्याच वेळी पलीकडच्या खांबावर तुमच्यासाठीच पावसात कोणी लाईनमन चढलेला असतो. सारे घर चालवायचेच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्यावा.

थोडे विषयांतर करतो. सणाच्या मिरवणुकीत फादरांच्या जीपवर भोंगा लावायला लोक इन्व्हर्टर मागतात. पुष्कळ अॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला १२ व्होल्टची जागा आधीच दिलेली असते. बाराचे दोनशेतीस आणि दोनशेतीसचे पुन्हा बारा करण्यात काय हशील?

इंजिन चालू असलेला ट्रॅक्टर गोठ्यात किंवा बंद पडवीत उभा करू नये. पाऊस आहे म्हणून लोक तेच करतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. आजाऱ्याच्या खिडकीकडे धुराड्याचे तोंड तर नकोच. कोणाला अशी सुस्ती वाटली, तर त्याला लगेच उघड्या हवेत आणून १०८ ला फोन करावा.

बॅटरीचे तेजाब डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटे धरावी आणि मग दवाखान्यात न्यावे. सोडा वगैरे डोळ्यात घालू नये. तारेने भाजले तर वीस मिनिटे वाहते गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर आधी इन्व्हर्टरचे बटण बंद करावे, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस ह्या वेगाने दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला कळवावे.

जोडणी झाल्यावर वीज असतानाच, दिवसाउजेडी, एकदा तासभर चालवून पाहावे. अर्ध्या तासाने इन्व्हर्टर व इंजिन बंद करून प्रत्येक सांध्याजवळून हाताची पाठ फिरवावी, अंगठी काढूनच. सांधा कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर थिंबल पुन्हा दाबून घ्यावी आणि पुन्हा तासभर चालवून पाहावे.