उधारी, उसने, हप्ता आणि कर्ज : उपनगरी कुटुंबाच्या ऋणमुक्तीसंबंधी एक शब्दार्थविचार

कर्जातून सुटण्यासाठी घरखर्च कमी करावा हा उपदेश जुना आहे, आणि तो खोटा नाही. परंतु तो आचरणात आणावयाचा तर आपण एकंदर किती देणे लागतो हे कुटुंबाला आधी सांगता आले पाहिजे. १९५० मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आलेली अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ मध्ये आलेली बोरिवली व मुलुंड या उपनगरांतील मराठी कुटुंबांचे रोजचे बोलणे कान देऊन ऐकले, तर असे आढळते की घरातील देण्यांचा बराच मोठा भाग 'कर्ज' या शब्दाच्या कक्षेत येतच नाही. तो निरनिराळ्या नावांनी वावरतो. जे कर्ज म्हणून ओळखले जात नाही ते कर्ज म्हणून मोजलेही जात नाही. म्हणून हा प्रश्न अर्थशास्त्राचा असला, तरी त्याची पहिली पायरी शब्दार्थाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठीत देण्याचा प्रकार नामापेक्षा क्रियापदावरून अधिक स्पष्ट होतो. कर्ज 'काढतात' आणि 'फेडतात'. नवस, उपकार आणि आईबापांचे पांग हेही फेडावयाचेच असतात, तेव्हा या क्रियापदाला नैतिक ओझ्याची छटा आहे. वाण्याकडची उधारी मात्र फेडीत नाहीत; ती 'भागवतात' किंवा 'चुकती करतात'. शेजारणीकडून घेतलेली साखर किंवा मित्राकडून घेतलेले पाचशे रुपये 'उसने' असतात, आणि उसने 'परत करतात'. कचेरीतून घेतलेली उचल तर कुटुंबाने द्यावीच लागत नाही. ती 'कापून जाते'. हप्ता 'भरतात', जसे विजेचे बिल भरतात, मुलांची फी भरतात, पाणीपट्टी भरतात. या शेवटच्या क्रियापदाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. भरणे हे खर्चाचे क्रियापद आहे, ऋणाचे नव्हे. फोन, शीतकपाट किंवा दुचाकी हप्त्यावर घेतली की ते देणे बोलण्यातून, आणि पाठोपाठ मनातूनही, वीजबिलाच्या रांगेत जाऊन बसते. 'आमच्यावर कर्ज काही नाही, फक्त तीन हप्ते चालू आहेत', हे वाक्य उपनगरी गाडीच्या डब्यात ऐकू आले तर कोणालाही ते विसंगत वाटणार नाही.

'चुकवणे' या क्रियापदाची गंमतही येथेच नोंदवून ठेवावी. 'देणे चुकवले' म्हणजे देऊन टाकले, आणि 'कर चुकवला' म्हणजे दिलाच नाही. घरातील हिशेबवहीत म्हणून 'चुकते केले' असेच लिहावे.

व्युत्पत्तीचा फार विस्तार येथे करीत नाही. 'कर्ज' अरबीतून फारसीमार्गे आले. 'ऋण' हा संस्कृत शब्द मराठीत बहुतेक कृतज्ञतेपुरता उरला आहे. 'मी आपला ऋणी आहे' असे म्हणणाऱ्याकडे कोणी पैसे मागावयास जात नाही. कायद्याच्या भाषेतील 'धनको' आणि 'ऋणको' हे नेटके शब्द घरात कोणी उच्चारीत नाही. 'उधार' हा संस्कृत 'उद्धार' या शब्दापासून आला. अमरकोशात ऋणाच्या पर्यायांमध्ये 'उद्धार' आढळतो. 'हप्ता' मुळात फारसीतील सातांचा, म्हणजे आठवड्याचा वाचक. आठवड्याच्या वसुलीवरून तो कोणत्याही ठराविक मुदतीच्या भरण्याला लागू झाला, आणि मुंबईच्या बोलीत खंडणीलाही. अलीकडे 'लोन' या शब्दाने 'कर्ज' या शब्दाला शहरी बोलण्यातून बरेचसे हुसकावले आहे. 'कर्जबाजारी' ही निंदा आहे. 'लोन चालू आहे' ही केवळ माहिती आहे. शब्द बदलल्याने व्याज बदलत नाही, लाज मात्र कमी होते; आणि मोजण्याची गरजही तितकीच कमी भासते.

पगाराविषयीही असेच म्हणता येईल. पगार किती, या प्रश्नाला घरात जे उत्तर मिळते ते 'हातात येणाऱ्या' रकमेचे असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम ४९ प्रमाणे सभासदाने तसा करार केला असल्यास पतपेढीचा हप्ता मालकाने पगारातून परस्पर कापून द्यावयाचा असतो. ही सोय चांगली आहे. पतपेढ्यांची वसुली तिच्यामुळेच होते आणि म्हणून त्यांचे दर माफक राहू शकतात. पण कापलेली रक्कम घरातील बोलण्यात येत नाही. भांडुप-मुलुंडच्या बाजूला कारखाने जोरात चालत असताना ज्यांचा संसार पतपेढीच्या आधारावर उभा राहिला, त्यांच्या घरांतून हे नित्याचे होते. तेव्हा घराचा हिशेब मांडताना मूळ पगारापासून आरंभ करावा आणि कापलेला प्रत्येक आकडा देण्याच्या बाजूला स्वतंत्र लिहावा.

सर्वांत घातक संदिग्धता 'टक्का' या शब्दात आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारवर्गाच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. तिचा फिंडले शिर्रास यांनी लिहिलेला अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान ४७ टक्के कुटुंबे कर्जात असून त्यांचे देणे सुमारे अडीच महिन्यांच्या प्राप्तीइतके आहे, असे त्यात दाखविले होते. त्या काळी रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा रूढ दर असे. तो ऐकावयास किती लहान! पण सोळा आण्यांच्या रुपयावर दरमहा एक आणा म्हणजे वर्षाला बारा आणे, अर्थात् शेकडा ७५. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे आणा व्यवहारातून गेला. दर महिन्याचा सांगण्याची रीत मात्र गेली नाही. आजही बाजारात कोणी 'तीन टक्क्यांनी पैसे देतो' असे म्हणाला तर ते तीन टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे छत्तीस. बँक किंवा पतपेढी 'बारा टक्के' म्हणते तेव्हा ते वर्षाचे असतात. एकच शब्द, दोन मापे. आणि उच्चारात माप सांगितले जात नाही. बारापेक्षा तीन लहान, असे गणित करून फसणारा मनुष्य अडाणी असतो असे नाही. तो भाषेच्या रूढीप्रमाणेच चाललेला असतो. मुंबई सावकार अधिनियम, १९४६ याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली. त्याखाली परवानाधारक सावकाराने आकारावयाच्या व्याजाची मर्यादा सरकार ठरवते, आणि ती वार्षिक दरानेच सांगितलेली असते. तोंडी बोललेला मासिक आकडा त्या मर्यादेशी ताडून पाहावयाचा तर आधी बाराने गुणावे लागते.

दुसरी फसगत सपाट दराची. एक लाख वीस हजार रुपये बारा महिन्यांसाठी 'सपाट बारा टक्क्यांनी' घेतले, तर व्याज १४,४०० आणि हप्ता ११,२०० रुपयांचा होतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज शेवटपर्यंत संपूर्ण रकमेवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर वर्षाला एकवीस टक्क्यांहून अधिक भरतो. 'बिनव्याजी हप्ता' हा शब्दप्रयोग तर रिझर्व्ह बँकेलाच खटकला. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने बँकांना बजावले की शून्य व्याजाची अशी योजना वस्तुतः असतच नाही, व्याज दुसऱ्या कोणत्या तरी आकारात लपविलेले असते. संस्कृतात 'व्याज' म्हणजे मिष, निमित्त, कपट; अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. असल्या योजनांत मराठी शब्द पुन्हा संस्कृताकडे वळलेला दिसतो.

आता काटकसरीकडे येऊ. या सामासिक शब्दातील 'काट' कापण्याचा आहे आणि 'कसर' अरबीतील तुटीचा. काटकसर म्हटली की घरातील हात प्रथम त्या खर्चाकडे जातो ज्याला बोलण्यात 'खर्च' म्हणतात : दूध, भाजी, वर्तमानपत्र, रिक्षा. हे खर्च रोज डोळ्यांसमोर होतात, म्हणून ते कापणे सुचते. भरावयाचे हप्ते आणि कापून जाणाऱ्या रकमा त्या यादीत येत नाहीत, कारण त्यांचे क्रियापद वेगळे आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बोरिवलीच्या एका घरात पतपत्रावर, म्हणजे ज्याला सर्वजण क्रेडिट कार्ड म्हणतात त्यावर, साठ हजारांची थकबाकी आहे आणि दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज २,१०० रुपये झाले. त्यावरील कर वेगळा. कुटुंबाने दूध अर्धा लिटरने कमी केले, वर्तमानपत्र बंद केले, रिक्षेऐवजी पायी जाणे पत्करले आणि महिना दीड हजार रुपये वाचविले. ही बचत लहान नाही. तिच्यात गृहिणीचे श्रम आहेत आणि मुलांचे मन मारणे आहे. परंतु आजवर नुसते व्याजच भरले जात असेल, तर ते २,१०० आणि हे १,५०० मिळून दरमहा ३,६०० भरल्यावरही थकबाकी संपावयास सुमारे सव्वीस महिने लागतात, आणि तेही त्या काळात कार्डावर नवी खरेदी झाली नाही तर. हीच साठ हजारांची रक्कम पतपेढीकडून वार्षिक बारा टक्के घटत्या दराने घेऊन कार्ड चुकते केले आणि तेच ३,६०० पतपेढीला भरले, तर एकोणिसाव्या महिन्यात सुटका होते आणि सुमारे पंचवीस हजार रुपये वाचतात. दुधाचा प्याला तोच, बचत तीच. भेद केवळ ती बचत कोणत्या देण्याकडे वळविली याचा.

थकबाकी शिल्लक असलेल्या कार्डावर किराणा घेणे हा तर दुहेरी तोटा आहे. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होते. वाण्याच्या वहीतील उधारीवर निदान उघड व्याज नसते, जरी उधारीवर घेणारा भाव करू शकत नाही ही तिची किंमत आहेच.

यावरून हेही ध्यानात येईल की देणी परत करण्याचा जो क्रम आपण स्वाभाविक मानतो तो व्याजाने ठरत नाही, शब्दाच्या मानापमानाने ठरतो. उसने पैसे प्रथम परत केले जातात, कारण उसने ठेवणे लाजिरवाणे आहे. त्यावर व्याज मात्र शून्य असते. त्यानंतर वाणी, कारण तो रोज भेटतो. ज्याचा चेहरा दिसत नाही त्या कार्डाला 'किमान देय रक्कम' भरून वाटेला लावतात. हिशेबाच्या दृष्टीने क्रम याच्या बरोबर उलटा हवा. उसने देणाऱ्या आप्ताला 'अजून चार महिने थांबाल का' असे विचारणे जिभेला जड जाते हे खरे. पण तो प्रश्न विचारण्यात फक्त संकोच खर्च होतो, न विचारण्यात महिन्याला साडेतीन टक्के.

दागिन्यांच्या बाबतीत भाषेची पकड याहूनही घट्ट आहे. दागिना विकला असे घरात म्हणत नाहीत, 'मोडला' म्हणतात. आणि मोडणे या क्रियापदात संसारच मोडल्याची ध्वनी आहे. गहाण टाकलेला दागिना उलट 'सोडवून' आणता येतो, निदान तशी आशा असते. या आशेपायी पुष्कळ घरे वर्षानुवर्षे सोनेतारणाचे नूतनीकरण करीत राहतात. सोडवण्याची तारीख वहीत लिहिता येत असेल तर तारण ठीक आहे. येत नसेल, तर चार बांगड्यांपैकी दोन मोडून उरलेल्या दोन सोडवणे हा व्यवहार अशुभ मानण्याचे कारण नाही. मंगळसूत्राविषयी मात्र असा सल्ला देण्याचे धैर्य मला होत नाही, आणि तो कोणी मानणारही नाही.

ज्यांना महिन्याच्या हिशेबात जागाच नसते अशा खर्चांचा उल्लेख राहिला. जूनमधील शाळेची फी व वह्यापुस्तके, विम्याचा वार्षिक भरणा, गणपतीला कोकणात जाणे. हे दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात आणि तरीही 'अचानक आले' म्हणून वर्णिले जातात. 'ऋण काढून सण' ही निंदाव्यंजक म्हण सणाला दोष देते. वस्तुतः दोष सणाचा नसून बारा महिन्यांत न वाटलेल्या आकड्याचा आहे. वर्षाच्या अशा खर्चाची बेरीज करून तिचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला ठेवणारे कुटुंब गावी जाऊनही कर्जाबाहेर राहू शकते. ज्याने असा हिस्सा ठेवलेला नाही ते एकदा गणपतीला न जाताही पुढच्या जूनमध्ये पुन्हा उधारीवर येते.

घराच्या वहीसाठी म्हणून एकच शीर्षक सुचवावेसे वाटते : 'देणे'. त्याखाली उधारी, उसने, उचल, हप्ता, आधीच उचललेल्या भिशीचे उरलेले भरणे, लोन आणि कर्ज ही सर्व एका स्तंभात यावीत. शेजारच्या स्तंभात प्रत्येकाचा दर, वार्षिक करून. उपनगरातील कितीतरी घरांत ही बेरीज आजवर कधीच झालेली नसावी, कारण तिला एक नाव नव्हते.

देणे संपल्यानंतरचा शब्द मराठीजवळ आहे आणि तो अर्थवाही आहे. फारसी 'बे' आणि 'बाकी' यांवरून आलेली 'बेबाकी'. सहकारी संस्थांतून 'बेबाकी दाखला' मागण्याची रीत आहे. तो लेखी घेतल्याखेरीज वहीतील ओळ खोडू नये. गृहकर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे संपूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि विलंब तिच्याकडून झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये ऋणकोस द्यावे लागतात. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.