१३ जुलै, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी आणि एक गिटारवादक

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी ब्रिटनमध्ये आला. पुढे १९८५ साली, पुन्हा १३ जुलैलाच, हा बँड लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’च्या मंचावर चढला आणि वीस-एकवीस मिनिटांत सुमारे ७२,००० माणसांचे स्टेडियम त्याने भारून टाकले. तेव्हापासून चाहत्यांसाठी १३ जुलैला दुहेरी महत्त्व आले. पण १३ जुलै दरवर्षी परत येते, तेव्हा नेमके काय परत येते?

पृथ्वी परत येते. सूर्याभोवतीच्या वाटेवर ती जवळजवळ त्याच जागी पोचते. ‘जवळजवळ’ म्हणायचे, कारण तिला एका फेरीला ३६५ दिवस आणि वर पावणेसहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. साध्या वर्षात आपण तारीख साजरी करतो तेव्हा पृथ्वी त्या जागेपासून सव्वासहा लाख किलोमीटर अलीकडेच असते. चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे, त्याच्या दीडपटीहून हे अंतर जास्त! चार वर्षांत ही तूट साठत जाते आणि २९ फेब्रुवारी ती भरून काढतो.

आपल्याकडे मात्र परत यायला सूर्य एकटा पुरत नाही, चंद्रही लागतो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या रणात पडल्या तो दिवस १८ जून १८५८ मानतात. तिथीने ती ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. तारखेने स्मरण करणारा पृथ्वीची जागा जपतो; तिथीने करणारा त्या संध्याकाळी आकाशात असलेला अर्धा चंद्र जपतो. दोघेही बरोबर आहेत, म्हणून ‘खरा दिवस कोणता’ हा वाद मला कधी पटलेला नाही. गंमत अशी की हे दोन्ही दिवस मधूनमधून एकमेकांना गाठतात. चंद्राचे २३५ महिने आणि सूर्याची १९ वर्षे यांत अवघ्या दोनेक तासांचा फरक पडतो. त्यामुळे दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा शेजारी येतात. १८५८ पासून एकोणीस-एकोणीस मोजत गेलात तर २०१० लागते, मग २०२९. त्या वर्षीही ज्येष्ठ शुद्ध सप्तमी १८ जूनच्या आसपासच आहे.

क्वीनच्या गायकाकडे तिसराच हिशेब होता. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला पारशी मुलगा. आईवडिलांनी त्याला शिकायला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत पाठवले. तिथेच १९५८ साली शाळासोबत्यांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला आणि फारुख त्यात पियानोवर बसू लागला. सह्याद्रीतल्या त्या पठारावरून वेम्ब्लीपर्यंतची वाट मनात आणली की आजही थक्क व्हायला होते.

आता पारशी पंचांग पाहा. भारतातले बहुतेक पारशी मानतात त्या शहेनशाही पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच गाथा-दिवस असतात. एकूण ३६५, लीप वर्ष नाहीच. त्यामुळे त्यांचे नवे वर्ष इंग्रजी तारखेच्या मानाने दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. फारुख जन्मला तेव्हा ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, त्याच्या जन्मदिवसाला अगदी खेटून. २०२५ साली ते थेट १५ ऑगस्टला आले. म्हणजे या हिशेबाने फ्रेडीचा वाढदिवसही जवळपास तीन आठवडे मागे गेला आहे, आणि असाच सगळे वर्ष ओलांडून पुन्हा ५ सप्टेंबरला टेकायला त्याला सुमारे दीड हजार वर्षे लागतील.

बँडमधल्या एकाला हे सगळे गणित तोंडपाठ असणार. गिटारवादक ब्रायन मे हा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात तो ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवर पीएचडी करत होता. ही धूळ सूर्यप्रकाश परतवते; अंधाऱ्या जागी पहाटेपूर्वी पूर्वेला किंवा संध्याकाळनंतर पश्चिमेला तिचा फिकट शंकू दिसतो. त्या उजेडातल्या रंगरेषा किती सरकल्या आहेत यावरून धूळ कोणत्या वेगाने कुठे चालली आहे ते काढायचे, हे त्याचे काम. क्वीनची गाडी धावू लागली आणि प्रबंध बाजूला पडला. तो त्याने पूर्ण केला २००७ साली, तीसहून अधिक वर्षांनी! फ्रेडीच्या सत्तराव्या जन्मदिनी, २०१६ मध्ये, एका लघुग्रहाला फ्रेडीचे नाव दिल्याची बातमीही त्यानेच जगाला सांगितली. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा दगड सापडला होता १९९१ मध्ये, फ्रेडी गेला त्याच वर्षी. सूर्यापासून तो आपल्याहून दूर, म्हणून त्याचे वर्षही आपल्या वर्षाहून मोठे.

मे याने लिहिलेले ‘थर्टी-नाइन’ हे गाणे १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ या अल्बमवर आहे. ऐकायला ते जुन्या लोकगीतासारखे वाटते, पण त्याच्या पोटात आइन्स्टाइन आहे. अंतराळप्रवासी निघतात, यानात त्यांचे एक वर्ष जाते आणि परततात तेव्हा इथे शंभर वर्षे उलटलेली असतात. हे केवळ कविकल्पना म्हणून सोडता येत नाही. जितका वेग जास्त तितका प्रवाशाचा काळ संथ चालतो. एकास शंभर हे प्रमाण गाठायचे तर यानाने प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला जेमतेम पंधरा किलोमीटर कमी धावायला हवे, आणि प्रकाश स्वतः सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो.

१९७० मध्ये क्वीन सुरू झाला त्या वेळी कुणी अशा यानातून निघाले असते, तर त्यांच्या घड्याळात आतापर्यंत सहा-सात महिनेच गेले असते. बँडचा पहिला वाढदिवसही त्यांनी अजून साजरा केला नसता. त्यासाठी इथे २०७० साल उजाडावे लागेल.