जुनी मोटार देऊन नवी घेतांना

मंडईंत मेथीच्या जुडीचे दोन रुपये कमी करून घेणारे आपण सुशिक्षित लोक मोटारीच्या दुकानांत पाऊल टाकतांच एकाएकीं मुके होतों. गार हवा, कांचेच्या भिंती, पुढें केलेला कॉफीचा पेला आणि 'काका, काकू, बसा ना' असें अगत्यानें म्हणणारा टायवाला तरुण, एवढ्यानें आपणांस भाव करणें अप्रतिष्ठेचें वाटूं लागतें. वस्तुतः राहत्या घराच्या खालोखाल कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी हीच होय. एकत्र कुटुंबांत तर हा पैसा एका कोणाचा नसतो. त्यांत वडिलांच्या निवृत्तिवेतनाची शिल्लक असते, मुलाचा पगार असतो आणि सुनेनें वर्षानुवर्षें बाजूस टाकलेली रक्कमही असते. असा पैसा भिडेखातर जाऊं देण्याचा अधिकार घरांतील कोणासच नाहीं. म्हणून या व्यवहाराचें स्वरूप वाचकांपुढें कांहीं विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही भीड कोठून आली?

या भिडेस इतिहास आहे. जुनी मोटार घेऊन तिची किंमत नव्या मोटारींतून वजा करण्याची चाल अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत रूढ झाली. तोंवर बहुतेक गिऱ्हाईक आयुष्यांत पहिल्यांदाच मोटार घेणारें असे. पुढें ज्याला मोटार विकावयाची त्याच्या दारांत आधींच एक मोटार उभी दिसूं लागली. जनरल मोटर्स कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनीं त्या काळांत मोटारींचा बाजार पालटून टाकणाऱ्या गोष्टी सांगतांना हप्त्यांची विक्री, बंद टपाची गाडी आणि दरसाल नवें मॉडेल यांच्या पंक्तीस जुन्या गाडीची अदलाबदल बसविली आहे. जुनी गाडी हाच नव्या गाडीचा पहिला हप्ता, ही कल्पना तेव्हांपासूनची.

त्याच कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, आणि १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. परंतु स्वातंत्र्यानंतर परवान्यांचें युग आलें. फिएट किंवा अ‍ॅम्बॅसॅडर यांसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. जेथें गाडी मिळणें हाच अनुग्रह, तेथें भाव कोण करणार? डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९३ सालीं मोटारनिर्मितीवरील परवान्याचें बंधन उठलें. आज विक्रेताच गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. तथापि आपल्या घरांतील वडील पिढीचे संस्कार रांगेचे आहेत. 'मिळते आहे ना, घेऊन टाका' हें वाक्य त्या रांगेंतून आलेलें आहे.

सौदा एक नव्हे, दोन

या व्यवहाराचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. दुकानदार ज्यास एक सौदा म्हणतो, ते दोन सौदे असतात. एकांत आपण नवी गाडी विकत घेतों, दुसऱ्यांत जुनी विकतों. दोन्ही एका कागदावर आणि एका तोंडानें झाले म्हणजे एका खिशांतील पैसे दुसऱ्या खिशांत घालून दाखविणें अत्यंत सोपें होतें.

उदाहरणार्थ, एका नव्या मोटारीची सर्व करांसह किंमत ९,८०,००० रुपये आहे असें समजा. पहिला विक्रेता जुन्या गाडीचे ३,२०,००० देऊं करतो आणि नव्या गाडीवर १५,००० ची सूट देतो. दुसरा जुन्या गाडीचे २,८०,००० च देतो, पण नवीवर ७०,००० सोडतो. घरीं परत येतांना मन पहिल्याकडे ओढ घेतें. ज्या गाडींतून मुलीस सासरीं पाठविलें, आजींना रुग्णालयांत नेलें, पंढरपूर-कोल्हापूर पाहिलें, त्या गाडीचा त्यानें मान राखला असें वाटतें. हिशेब मात्र निराळें बोलतो. पहिल्याकडे आपल्याला ६,४५,००० भरावे लागतात, दुसऱ्याकडे ६,३०,०००. जुन्या गाडीचा मान आपणच १५,००० रुपये मोजून विकत घेतला, एवढाच याचा अर्थ.

यासाठीं दोन नियम पाळावे. पहिला, दोन्ही किंमती निरनिराळ्या, आणि शक्य तर निरनिराळ्या दिवशीं काढाव्या. नव्या गाडीचा अखेरचा भाव लेखी हातीं येईपर्यंत जुन्या गाडीचा विषय आपण होऊन काढूं नये. दुसरा, निर्णयाच्या वेळीं एकाच आंकड्याकडे पाहावें. जुनी गाडी दिल्यावर घरांतून आणखी किती रुपये जाणार, हाच तो आंकडा. सूट, बोनस, मोफत सीटकव्हर ही सर्व या आंकड्याचीं वस्त्रें आहेत.

'एक्स्चेंज बोनस' म्हणून जी रक्कम सांगतात ती बहुधा मोटार बनविणाऱ्या कंपनीकडून येते. ती जुन्या गाडीच्या भावांत मिसळून दाखविली आहे कीं वेगळी, हें विचारून घ्यावें. नवी गाडी जुन्या मालकाच्या किंवा त्याच्या निकटच्या आप्ताच्या नांवावर असावी अशी अटही या बोनसास बहुधा असते. जुनी गाडी काकांच्या नांवावर आणि नवी पुतण्याच्या, असा प्रकार एकत्र कुटुंबांत सहज घडतो. ती अट आधींच वाचावी.

जुन्या गाडीचा भाव

दुकानदार बाजारापेक्षां कमी भाव सांगतो, त्यांत सारी लबाडीच असते असें मात्र समजूं नये. त्यानें २,८०,००० ला घेतलेली गाडी ३,६०,००० ला विकली, तर मधल्या ८०,००० मधून टायर, रंग, दुरुस्ती, नांव बदलण्याचा खर्च, गुंतलेल्या पैशाचें व्याज आणि विक्रेत्याचें पोट हें सर्व निघावें लागतें. शिवाय २०२५ च्या आरंभापासून व्यापाऱ्यास जुन्या मोटारीच्या खरेदी-विक्रींतील फरकावर १८ टक्के जी.एस.टी. भरावा लागतो. खासगी गृहस्थानें आपली गाडी दुसऱ्या गृहस्थास विकली तर हा कर नाहीं. म्हणून बाहेर विकल्यास भाव अधिक येणें स्वाभाविकच आहे. वरच्याच उदाहरणांत बाहेर ३,१०,००० आले, पण २०,००० चा बोनस गेला व सूट ५०,००० वर आली, तर एकंदर ६,२०,००० भरावे लागतील. म्हणजे १०,००० वांचले. तेवढ्यासाठीं अनोळखी लोकांचे दूरध्वनि, फेऱ्या आणि कागदांची जोखीम पत्करावी काय, हें ज्यानें त्यानें आपल्या सवडीप्रमाणें ठरवावें.

दुकानांत जाण्यापूर्वीं निदान तीन ठिकाणीं जुन्या गाडीची किंमत करून घ्यावी. जुन्या मोटारींचा व्यापारी, संगणकावरून गाड्या घेणारी कंपनी आणि नेहमींचा मेकॅनिक, हे तिघे पुरेत. सर्व्हिसच्या पावत्या, दोन्ही किल्ल्या, विमापत्र आणि प्रदूषणाचा दाखला एका पिशवींत घालून ठेवावा. गाडी धुऊन न्यावी. नवे टायर मात्र घालूं नयेत, त्यांचे पैसे उलट मिळत नाहींत. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं लहान मोटारींवरील जी.एस.टी. १८ टक्क्यांवर आला व नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली कीं जुनीचा भावही उतरतो, तेव्हां त्यापूर्वीं शेजाऱ्यास मिळालेला आंकडा उराशीं धरून बसण्यांत अर्थ नाहीं.

कोटेशनाची ओळ न् ओळ

नव्या गाडीचें कोटेशन हें किराण्याच्या यादीसारखें ओळीओळीनें वाचावें. एक्स-शोरूम किंमत कंपनीची. महाराष्ट्रांत खासगी पेट्रोल मोटारीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढें २० लाखांपर्यंत १२ टक्के वाहनकर पडतो, तो सरकारचा. १० लाखांहून अधिक किंमतीच्या गाडीवर १ टक्का आयकर आगाऊ घेतात, तो वर्षाअखेरच्या विवरणपत्रांत वजा मिळतो. ती पावती गृहिणींनीं जपून ठेवावी, कारण पुरुष मंडळी ती हटकून हरवितात. यांत घासाघिशीस जागा नाहीं.

जागा आहे ती खालच्या ओळींत. हाताळणी-खर्च, 'आवश्यक' सामानाचा संच, रंगावरील लेप, वाढीव हमी यांपैकीं ज्या रकमेची सरकारी पावती नाहीं, ती कशाबद्दल, हें शांतपणें विचारावें. विचारल्यावर त्यांतील कांहीं रकमा आपोआप वितळतात. विमा त्याच दुकानांतून घेतला पाहिजे असा कायदा नाहीं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र वर्षाचा घेतां येतो, आणि त्याच भागांत भावाचा मोठा फरक असतो. जुन्या गाडीवर सलग पांच वर्षें दावा केला नसेल तर या भागावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. विमा कंपनीकडून तसें पत्र घेतल्यास ती नव्या गाडीस लागूं होते. न घेतल्यास ती बुडते आणि कोणी आठवणही करून देत नाहीं.

कर्जाच्या बाबतींत 'काका, महिन्याला फक्त आठ हजार' या वाक्यापासून सावध असावें. ५ लाखांचें कर्ज ९ टक्क्यांनीं पांच वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारें १०,३८० आणि व्याज सुमारें १,२३,००० होतें. तेंच सात वर्षें लांबविलें कीं हप्ता ८,०४५ वर येतो, परंतु व्याज १,७५,००० च्या वर जातें. तसेंच 'फ्लॅट ७ टक्के' हें ऐकावयास गोड आहे, पण फिटत जाणाऱ्या मुद्दलावर हिशेब केल्यास पांच वर्षांच्या कर्जांत तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास भरतो.

नांव कोणाचें?

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैशाची चूक पैशानें भरून निघते. परंतु जुनी गाडी दारांतून गेली आणि सरकारी दप्तरांत आपलें नांव राहिलें, तर होणारी हानि निराळ्याच प्रकारची असते. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें अशाच एका खटल्याचा निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेकांस विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्या मालकाच्याच नांवावर होती. २००९ सालीं तिच्या अपघातांत एक बालक दगावलें. ज्याच्या नांवावर नोंद, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक आणि भरपाईस तोच जबाबदार, असें न्यायालयानें ठरविलें. गाडी विकून मोकळ्या झालेल्या गृहस्थास अपघाताशीं कांहीं संबंध नसतांही उत्तर द्यावें लागलें.

मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें त्याच राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. यासाठीं २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने असतात. बँकेचा बोजा असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना आधीं पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागूं झालेल्या नियमांनीं एक चांगली सोय केली आहे. परिवहन खात्याचें अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोंपविल्याची रीतसर सूचना झाली कीं, पुढील विक्रीपर्यंत तोच तिचा मानीव मालक ठरतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यास पहिला प्रश्न भावाचा न विचारतां या अधिकारपत्राचा विचारावा. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करूं नयेत. गाडी देतांना तारीख, वेळ व किलोमीटरचा आंकडा घातलेली पोंच घ्यावी, फास्टॅग बंद करावा, आणि नव्या मालकाचें नांव चढलेलें पाहीपर्यंत हा व्यवहार संपला असें समजूं नये. घासाघिशींत मिळविलेले पांच हजार या एका पोंचेपुढें कांहींच नव्हेत.

बोलावें कोणीं, केव्हां?

दसरा किंवा पाडवा यांचा मुहूर्त आपणांस प्रिय आहे, आणि तो विक्रेत्यासही ठाऊक आहे. मुहूर्तास गाडी दारांत यावी असें वाटत असेल तर बोलणें महिनाभर आधीं संपवावें. मुहूर्ताच्या चार दिवस अलीकडे जाणारा गिऱ्हाईक हा लग्नाच्या आदल्या दिवशीं दागिने घ्यावयास निघालेल्या वधूपित्यासारखा असतो. डिसेंबरांत सूट अधिक मिळते, पण त्या गाडीवर सरत्या सालाचा शिक्का असतो व पुढें विकतांना तो मोजला जातो. पैसे भरण्यापूर्वीं चासी क्रमांकावरून बनावटीचा महिना अवश्य पाहावा.

दुकानांत सर्व कुटुंबानें जाऊं नये. मुलांनीं रंग पसंत केला कीं भाव तेथेंच थांबतो. दोघांनीं जावें. एकानें बोलावें, दुसऱ्यानें लिहावें. आणि लिहिण्याचें काम घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या बाईंकडे असल्यास उत्तम. विक्रेता म्हणेल, 'काका, आज बुकिंग केलंत तर साहेबांना विचारून आणखी पांच हजार सोडतो.' त्यावर रागावूं नये, हसूंही नये. 'साहेबांना जरूर विचारा. आम्हांला मात्र जुनी गाडी दिल्यावर एकूण किती द्यायचे, तो एकच आंकडा लिहून द्या. घरीं विचारून उद्यां सांगतों,' एवढें म्हणावें. 'घरीं विचारून सांगतों' हें एकत्र कुटुंबाचें जुनें, सभ्य आणि अमोघ शस्त्र आहे. तो तरुणही विक्रीवरच्या मेहनतान्यावर जगणारा कोणाचा तरी मुलगा आहे. त्याच्याशीं कठोर होण्याचें कारण नाहीं, स्पष्ट असणें पुरेसें आहे.

घासाघीस म्हणजे कद्रूपणा नव्हे. ज्यांनीं तो पैसा मिळविला व राखला, त्यांच्या श्रमांची ती कदर आहे. नवी गाडी दारांत येईल तेव्हां तिला हार घालावा, पेढे वाटावे. पण त्या आधीं जुन्या गाडीचे कागद पुरे झाले आहेत ना, एवढें एकदां पाहून घ्यावें.