यंत्र परगावी, खेळ घरात

क्लाउड गेमिंगमध्ये व्हिडिओ गेम खेळाडूच्या मोबाइलवर, संगणकावर किंवा कन्सोलवर चालतच नाही. तो चालतो शेकडो किलोमीटर दूर, एखाद्या डेटा सेंटरमधल्या यंत्रावर. घरच्या पडद्यावर येते ते त्या खेळाचे थेट चित्र, आणि कोणते बटण दाबले याची खबर तेवढी उलट दिशेने जाते. मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहावा तसाच हा प्रकार, पण इथे पाहणाऱ्याच्याच हातात बॅट असते. सगळी गुंतागुंत या बॅटमुळे सुरू होते.

या कल्पनेचे आकर्षण उघड आहे. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आला तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. मोठे गेम चालवणारा संगणक घ्यायचा तर त्यातले ग्राफिक्स कार्डच खिसा रिकामा करते. शिवाय आजचे अनेक गेम 100 जीबीहून मोठे असतात. विकत घेतल्यावरही डाउनलोड होईपर्यंत वाट पाहायची, आणि नंतर दर थोड्या दिवसांनी अपडेट. क्लाउडमध्ये हे सारे ओझे सर्व्हर उचलतो. साधा लॅपटॉप, टीव्ही किंवा फोन पुरतो, गेम मिनिटाभरात सुरू होतो आणि टीव्हीवर अर्धा सोडलेला डाव फोनवर पुढे नेता येतो. गेमची फाइल खेळाडूच्या हाती लागत नसल्याने तिच्यात फेरफार करून फसवणूक करणेही अवघड होते.

पडद्यामागे मात्र बरीच धावपळ चालते. सहज वाटणाऱ्या गेममध्ये सेकंदाला 60 चित्रे बदलतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. 1920 गुणिले 1080 बिंदूंच्या पडद्यासाठी ही चित्रे जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला सुमारे 3 अब्ज बिट लागतील. घरगुती इंटरनेटला ते झेपणारे नाही. म्हणून सर्व्हर प्रत्येक चित्र तयार होताक्षणी दाबून लहान करतो आणि प्रवाह सेकंदाला 1 ते 2 कोटी बिटांवर आणतो. मागच्या चित्रात जे होते तेच पुन्हा न पाठवता बदललेला भागच पाठवायचा, ही त्यातली मुख्य युक्ती. भिंत, आकाश, स्थिर देखावा यांत ती उत्तम चालते. पाऊस पडू लागला, गवत हलले किंवा नायकाने गर्रकन मान वळवली की सगळेच बदलते, आणि चित्र चौकटीचौकटींचे, गढूळ दिसू लागते.

पण चित्र गढूळ झाले तरी निभावते. खरा अडसर विलंबाचा. चित्रपट दाखवणारी सेवा पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे मध्येच इंटरनेट मंदावले तरी प्रेक्षकाला कळत नाही. गेममध्ये तशी साठवण शक्य नाही, कारण खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार हे त्याने बटण दाबेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. बटणाची खबर सर्व्हरला पोहोचणे, गेमने हिशेब करणे, चित्र रेखाटणे, दाबणे, पाठवणे, उलगडणे आणि दाखवणे हे सगळे ‘आत्ता’ या शब्दात बसायला हवे.

इथे भौतिकशास्त्र आडवे येते. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर 1,000 किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात 10 मिलिसेकंद गेले. मुंबई आणि सिंगापूर यांच्यात सरळ रेषेतच जवळजवळ 4,000 किलोमीटर अंतर आहे. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतले प्रत्येक राउटर आपला वेळ घेते. घरातले वायफाय तर कित्येकदा या साखळीतला सर्वांत बेभरवशाचा दुवा ठरते. नेहमीच 40 मिलिसेकंद लागत असतील तर हात त्याला सरावतात. कधी 20 तर कधी 120 लागले की खेळणे अशक्य होते. घरच्या कन्सोलवरही बटण आणि पडदा यांत विलंब असतोच, अनेक गेममध्ये तो 50 ते 100 मिलिसेकंद भरतो. क्लाउडचा विलंब त्यात भर घालतो. बुद्धिबळासारख्या किंवा कथाप्रधान गेममध्ये हे खपून जाते, पण मारामारीच्या आणि नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये नाही.

अंतराचा हा नियम धंद्याचे गणितही बिघडवतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. चित्रपटाची एक प्रत हजारो लोकांना पुरते. गेममध्ये मात्र प्रत्येक खेळाडूमागे महागड्या यंत्राचा एक हिस्सा अडकून पडतो. सगळे खेळतात ते संध्याकाळी आणि रविवारी. दिवाळीची गर्दी ओसरली की एसटीच्या जादा गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवता येतात. इथे जादा यंत्रे वर्षभर जागच्या जागी उभी ठेवावी लागतात; मुंबईतली रात्रीची गर्दी अमेरिकेतल्या रिकाम्या यंत्रांवर ढकलता येत नाही, कारण ती फार लांब आहेत. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाउ सेवेत फुकट खेळणाऱ्याला रांगेत थांबावे लागते आणि तासाभराने बाहेर पडावे लागते, ते यामुळेच. पैसे भरणाऱ्या नव्या सदस्यांनाही तिने 2025 पासून महिन्याला 100 तासांची मर्यादा घातली.

या क्षेत्राचा इतिहास बंद पडलेल्या सेवांनीच जास्त भरला आहे. मार्च 2009 मध्ये स्टीव्ह पर्लमन यांनी ऑनलाइव्ह जाहीर केली आणि 2010 मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली. दोनच वर्षांत कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना काढले. नव्या मालकाखाली रेटलेली सेवा 30 एप्रिल 2015 रोजी बंद झाली आणि तिची पेटंट सोनीने घेतली. सोनीने त्याआधीच, 2012 मध्ये, गायकाई ही स्पर्धक कंपनी 38 कोटी डॉलरना विकत घेतली होती. प्लेस्टेशनची स्ट्रीमिंग सेवा त्यातूनच उभी राहिली.

सर्वांत बोलके उदाहरण गूगलच्या स्टेडियाचे. डेटा सेंटरचे जाळे आणि व्हिडिओ पाठवण्याचा अनुभव या दोन्हींत गूगलचा हात धरणारे फार थोडे. 19 नोव्हेंबर 2019 रोजी 14 देशांत सेवा सुरू झाली. त्यांत भारत नव्हता. तंत्राने तिला दगा दिला नाही. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’ हा गेम जुन्या कन्सोलवर इतका अडखळला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. चांगले इंटरनेट असलेल्यांना तोच गेम स्टेडियावर बरा खेळता येत होता. तरीही गूगलने फेब्रुवारी 2021 मध्ये स्वतःचे गेम बनवणारे स्टुडिओ बंद केले आणि 18 जानेवारी 2023 रोजी सेवाच गुंडाळली.

याचे कारण तंत्रात नाही, व्यवहारात सापडते. स्टेडियाचे सर्व्हर लिनक्सवर चालत, म्हणून प्रत्येक गेम त्यांच्यासाठी नव्याने बेतावा लागे. सुरुवातीला गेम होते अवघे 22. मोठे गेम पूर्ण किमतीला विकत घ्यावे लागत, पण खेळता येत ते फक्त स्टेडियावर. म्हणजे किंमत घराची आणि हक्क भाडेकरूचा. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूला निदान कायद्याचा आधार असतो; इथे मालकाने दार लावले की संपले. गूगलने गेम आणि उपकरणे यांचे पैसे परत केले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. ‘आउटकास्टर्स’सारखा केवळ स्टेडियासाठी बनलेला गेम मात्र कोणाच्याच कपाटात उरला नाही. डिस्क किंवा फाइल बाहेर आलीच नसेल तर पुढच्या संग्राहकाने जपायचे काय?

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या डेटा सेंटरांत एक्सबॉक्सचेच भाग बसवले, त्यामुळे गेम बदलावे लागले नाहीत, आणि सप्टेंबर 2020 पासून स्ट्रीमिंग मासिक वर्गणीतच दिले. जीफोर्स नाउने खेळाडूने स्टीमसारख्या दुकानांतून आधीच घेतलेले गेम चालवून देण्याचा मार्ग निवडला. ग्राहकाला तो सर्वांत न्याय्य वाटतो. सेवा बंद पडली तरी गेम त्याच्याकडे राहतो. प्रकाशकांना मात्र तो रुचला नाही: 2020 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डसह काहींनी आपले गेम तिथून काढून घेतले. ॲपलनेही अशा ॲपना आयफोनच्या दुकानात मोकळी वाट दिली ती जानेवारी 2024 मध्ये. तोवर ब्राउझरची मागली खिडकीच होती.

नियामकांनीही हा धंदा किरकोळ मानला नाही. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेण्याचा 68.7 अब्ज डॉलरचा व्यवहार ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल 2023 मध्ये अडवला, तो क्लाउड गेमिंगची बाजारपेठ एकाच्या मुठीत जाईल या भीतीने. अ‍ॅक्टिव्हिजनच्या गेमचे स्ट्रीमिंग हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याचे ठरल्यावरच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, मंजुरी मिळाली.

भारतात कन्सोल थोडे आणि फोन घरोघरी, त्यामुळे हे तंत्र कागदावर इथे सर्वांत चपखल बसते. 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाली आणि मुंबई पहिल्या शहरांत होती. एअरटेलने 2021 मध्येच मानेसरला 5जीवर क्लाउड गेमिंगचे प्रात्यक्षिक केले होते. पुढे जिओ आणि व्हीआय यांनी स्वतःच्या सेवा आणल्या, तर एक्सबॉक्सची सेवा नोव्हेंबर 2025 मध्ये आली. अंतराची अडचणही घटते आहे, कारण मुंबई आणि पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आता उभी आहेत. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या आतल्या गावाला त्याचा लाभ किती, हे तिथल्या टॉवरवर आणि विजेवर ठरेल.

राहिला प्रश्न रिचार्जचा. स्टेडियाच्या सर्वांत कमी दर्जाच्या, 720 बिंदू उंचीच्या चित्रालाही तासाला सुमारे 4.5 जीबी डेटा लागे, आणि 4के चित्राला जवळजवळ 16 जीबी. या हिशेबाने रोज 2 जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर गेम 27 मिनिटेही चालत नाही.